बिनतारी कौल

शालूने माउसच्या पोटावरची गोल चकती नखाने फिरवली, माउस तळहातावर उलटा केला आणि आतली रबरी गोळी बाहेर पडली. गोळीवर लालसर मेण चढल्यासारखं दिसत होतं. तिने माउस खिडकीकडे धरून आत पाहिलं. गोळीबरोबर फिरणारे दोन बारीक दांडे आत होते. कुंकू, अंगारा, तेल आणि कातडीचा मळ यांचा दाबून घट्ट झालेला पट्टा दोन्ही दांड्यांवर बसला होता. त्याला वास होता. खवट खोबरेलाचा, आणि त्याखाली घामाचा.

"काय झालं असंल?" काळुराम म्हणाला. तो पाटावर मांडी घालून बसला होता. अंगावर भगवी शाल होती. "सकाळपासून बाणच हलंना."

"हात धुतोस का कधी, दादूस?"

"देवीचा अंगारा हाय तो. घाण म्हणू नको."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली स्पिरिटची बाटली शालूने उघडली, कापूस भिजवला आणि चिमट्याने आत घातला. पहिलाच बोळा वीटकरी झाला. दांड्यावरचा पट्टा तेवढ्याने सुटेना, तेव्हा तिने चिमट्याच्या टोकाने खरवडायला सुरुवात केली. मळ वळवटासारखा निघाला आणि तिच्या बोटाला चिकटला. तिने तो कापसाला पुसला.

भावाने फोनवर 'कम्प्युटर बिघडलाय' एवढंच सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, जमिनीच्या व्यवहारांसाठी घेतला असेल. डोंबिवलीहून दिव्याला ती क्वचितच येई. आज आली तर वडिलांची, आबांची, देवीला कौल लावायची खोली ओळखू येत नव्हती. भिंतींना बाथरूमसारख्या गुलाबी टाइल्स होत्या. देवीचा तांदळा, शेंदूर फासलेला बिनचेहऱ्याचा दगड, कोपऱ्यात सरकला होता आणि जिथे तो पूर्वी होता तिथे टेबलावर झेंडूची माळ घातलेला मॉनिटर होता. पडद्यावर देवीचं चित्र, तिच्या दोन बाजूंना दोन कमळं, आणि मधोमध एक बाण. मॉनिटरच्या मागे जरीचा पडदा सोडलेला होता आणि त्या आड कम्प्युटरचा डबा घरघरत होता.

काळुरामच्या मांडीजवळ शाळेतल्या मुलाची असावी तशी दगडी पाटी होती.

"ही कशाला?"

काळुराम हसला. त्याने पाटी मांडीवर घेतली, माउस धरल्यासारखी मूठ तिच्यावर ठेवली आणि वरून शाल ओढली. काहीच दिसेना.

"माझ्या मेव्हण्याने हा बिनवायरचा माउस दुबईहून आणला तवाच डोक्यात आलं. वायर असती तर लोकांना दिसली नसती का?"

शालूने त्या भगव्या उंचवट्याकडे पाहिलं. कापडाखाली हात सरकत होता. भिंतीवरची पाल शेपटी हलवते तसं तिला वाटलं.

"म्हणजे कौल तू देतोस."

"देवी देते. मी नुसता हलवतो."

"आबांनी असलं कधी केलं नाही."

आबा जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून तांदळ्याच्या दोन खांद्यांना चिकटवत. उजवी आधी पडली तर करावं, डावी पडली तर करू नये. पाकळ्या लावल्या की ते मागे सरकून दोन्ही हात पाठीशी बांधून बसत, कुणी म्हणू नये की बुवाने फुंकर घातली. शाळेतून आलेली शालू तांब्यात पाणी भरून द्यायची. देवावरचा तिचा विश्वास पुढे उडाला, पण ते पाठीशी बांधलेले हात तिने जपून ठेवले होते.

"पाकळ्या कोण भिजवायचं?" काळुरामने विचारलं.

चिमटा थांबला. पाकळ्या आबाच भिजवत. ते काम ते कुणालाच देत नसत. पाकळी किती वेळ धरून राहील हे ती किती ओली आहे त्यावर ठरतं, हे शालूने इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवत असूनही कधी मनात आणलं नव्हतं.

"लवकर कर गो," काळुराम म्हणाला. "दामाजीची मंडळी येतील. मनुबाई पन येनार, पोरीला घेऊन."

"कोण पोर?"

"मंजुळा. खाडीवरची. दामाजीची सून ती. पावसाळ्यापासून माहेरी बसलीय, म्हनते नांदायला जानार नाय. शेवटी दोन्हीकडच्यांनी ठरवलं, कौल लावा. देवी म्हनेल तसं."

"का जात नाही?"

"नवरा हात उचलतो. पिला की भान नसतं त्याला. एकदा हात मोडला होता तिचा. आता बसला तो."

"आणि देवी काय म्हणणार आहे?"

"उजवा. जा म्हननार." त्याने सुपारी तोंडात टाकली. "खाडीच्या भरावाचं काम मी आन् दामाजी मिळून घेतोय. काल येऊन बसला होता इथं."

"मी हा दुरुस्तच केला नाही तर?"

"तर चिठ्ठ्या टाकीन. दोन्हींवर 'जा' लिहीन." तो स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन हसला. सुपारीचा लाल तुकडा त्याच्या दातात अडकला होता.

शालूने मान खाली घातली आणि दुसरा दांडा साफ केला. मग तिने मागचं झाकण काढलं. सेल नवे होते, पण जुन्यांपैकी एखादा आत पाझरला असावा; स्प्रिंगवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमली होती. पूजेच्या ताटात उतरवून टाकण्यासाठी आणलेली लिंबं होती. तिने त्यातलं एक कापलं.

"अगं, ते उताऱ्याचं हाय!"

"अ‍ॅसिडच आहे," ती म्हणाली, आणि थेंब पिळले. पूड फसफसली. तिने ती पुसून काढली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, सेल बसवले, गोळी घातली. पाटीवर माउस सरकवताच देवीच्या चित्रावरचा बाण सरसर फिरला.

"वा, बाय!" काळुराम टाळी वाजवत म्हणाला. "आबा उगाच नाय म्हनायचे, पोरीला शिकवा."

शालू उठली. "थांब, मागची जोडणी बघते."

टेबलाखाली, काळुरामच्या गुडघ्याजवळ, साबणाच्या वडीएवढी एक पेटी चिकटवली होती. माउसची हालचाल हवेतून पकडायची ती पेटी. तिची वायर पडद्यामागे कम्प्युटरला जात होती. शालूने पेटी सोडवली, पडद्याआड नेली, पार टोकाच्या लोखंडी कपाटामागे ठेवली आणि उरलेल्या वायरचं व्यवस्थित वेटोळं करून त्याला गाठ मारली.

"आता बघ," तिने आतून सांगितलं.

काळुरामने शालीखाली हात फिरवला. बाण जागचा हलला नाही.

"हे काय आता? आता तर चालत होता!"

"तिथपर्यंत पोचत नाही. आतला जोर कमी झालाय." तिचा आवाज वर्गात असतो तसाच शांत होता. "इथे मागे, जवळ धरला तर चालेल."

बाहेर टेम्पो थांबला. बायकांचं बोलणं ऐकू आलं. काळुरामने घाईने माउस आणि पाटी पडद्याखालून आत सरकवली.

"मग तूच बस. घंटा वाजवली का उजवीकडं. हळू ने. देवी घाई करत नाय."

पडद्याआड उदबत्तीचा धूर कोंडला होता. शालू खाली बसली. पडद्याच्या फटीतून तिला मॉनिटरची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे समोर बसलेली माणसं. दामाजी पांढऱ्या सफारीत, मांडी ऐसपैस घालून. चार-सहा गावकरी. एका बाजूला मनुबाई, आणि तिला टेकून मंजुळा. मुलीचा डावा हात कोपरापासून थोडा बाहेर वळलेला होता. हाड चुकीचं बसलं होतं. त्याला नीट कुणी बसवलंच नव्हतं.

"माहेरचं खाऊन बरी गुबगुबीत झाली की सूनबाय," दामाजी म्हणाला. एकदोघे हसले.

"तुमच्यात काय खायला देतात ते हातावर दिसतंय तिच्या," मनुबाई म्हणाली.

"ए, देवीसमोर भांडान नको," काळुराम खर्जातल्या आवाजात म्हणाला. हा आवाज शालूने ओळखला. तो आबांचा होता. "आई, तुझी लेक मंजुळा. तिनं सासरी जावं तर उजवा दे. जाऊ नये तर डावा दे. तू सांगशील ते दोन्ही घरांना मान्य. बोला, मान्य ना?"

"मान्य," दामाजी सगळ्यांत आधी म्हणाला.

"मान्य," मनुबाई म्हणाली. मंजुळाला कुणी विचारलं नाही.

घंटा वाजली.

शालूला बाण दिसत नव्हता. माणसांचे डोळे दिसत होते. तिने माउसवर बोटं ठेवली. इतकं पुसूनही त्याचं प्लॅस्टिक चिकट लागत होतं, जणू भावाचा हात अजून त्याच्यावर होता. तिने हात डावीकडे सरकवला. हळू. समोरचे सगळे डोळे एकदम एका बाजूला वळू लागले, वाऱ्याने भात झुकावा तसे. दामाजीची मान पुढे आली. मनुबाईने तोंडावर पदर घेतला. मंजुळाचे डोळे बंद होते. आईने दंड धरून हलवलं तेव्हा तिने ते उघडले, आणि नजर डावीकडे जाऊन थांबली.

टेबलाशेजारी तिरपा बसलेल्या काळुरामची पाठ शालूला दिसत होती. शालीच्या आत खांदे ताठ झाले होते.

"डावा," तो शेवटी म्हणाला. "आई नको म्हनते."

दामाजी उठला. काही बोलेल असं वाटलं. पण चार माणसं बघत होती. त्याने मॉनिटरवरच्या चित्राला हात जोडले आणि चपला शोधत बाहेर गेला. मनुबाईने मॉनिटरसमोर जमिनीला डोकं टेकवलं आणि मंजुळालाही टेकवायला लावलं. वाकडा हात तिला नीट टेकवता येत नव्हता. शालूने फटीवरून तोंड फिरवलं.

टेम्पो गेल्याचा आवाज आला. मग काळुरामने पडदा वर केला. त्याची नजर कपाटाकडे गेली, वायरच्या वेटोळ्याकडे, मग तिच्याकडे. शालू उभी राहिली. त्याने हात उचलला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

तो हसू लागला.

"दामाजी तोंड वाकडं करून गेला. जाऊ दे. काम सोडून कुठं जातोय? पन बाकीच्यांची तोंडं बघितलीस? सगळ्या गावाला ठाऊक, दामाजी माझा मानूस. आन् देवीने त्याच्याच विरुद्ध कौल दिला. आता शीळफाट्यापर्यंत कुनाची हिंमत नाय म्हनायची, का काळुराम तोंडं बघून कौल देतो." त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "आबांचा हात हाय तुझा. मला येवढं नसतं सुचलं."

शालू बाजूला सरकली.

"परवा भिवाजी येतोय," तो म्हणाला. "बहिनी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करीनात त्याच्या. तीन बहिनी. ये तू परवा. तुला योग्य वाटंल तो कौल दे. मी मधी बोलनार नाय."

त्याने वाकून माउस उचलला, कुंकवाच्या करंड्यात अंगठा बुडवला आणि टिळा लावायला माउसवर नेला.

शालूने त्याचं मनगट धरलं.

"हात धुऊन ये आधी," ती म्हणाली. "आत जातं ते. परत अडकेल."

पुढच्या बॅचला तेच उपकरण लागणार असलं की ती मुलांना याच आवाजात सांगायची. काळुरामनेही वाद घातला नाही. मोरीत नळ सुटला, बराच वेळ वाहत राहिला. तो परत आला आणि लहानपणी जेवायला बसण्याआधी आबांसमोर धरायचा तसे दोन्ही ओले तळहात त्याने तिच्यासमोर धरले.

शालूने ते उलटेपालटे करून पाहिले. नखांच्या कडेला अजून लाल होतं. तिने स्पिरिटची बाटली उघडली.