कोटाचे धागे

शारजात, रोला भागातल्या बाजारात खैरुद्दीनचं फ्रेमचं दुकान होतं. त्याची बायको मैमुनाबी वारून चार महिने झाले होते. तो सुट्टीच्या शुक्रवारीही दुकान उघडत असे, कारण घरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत लिआंग नावाचा म्हातारा चिनी चौदा चित्रं घेऊन आला. तो हॉटेलांसाठी उंटांची चित्रं रंगवायचा. ही चित्रं मात्र तळहाताएवढी होती: बर्फ, झाड, खिडकी. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने ती चोरून काढली होती. तेव्हा चीनमध्ये पुढाऱ्यांऐवजी झाड रंगवलं तरी चौकशी व्हायची. कोणी आलं की ती ओलं चित्र कोटाच्या आत सारायची. आता ती नव्हती, आणि लिआंगला ती चित्रं पहिल्यांदाच भिंतीवर लावायची होती.

आलेलं चित्र आधी साफ करायचं, हा खैरुद्दीनचा शिरस्ता. रंगात निळे धागे चिकटले होते. त्याने ते चिमट्याने उपटले, तीन चित्रं लखलखीत केली आणि जेवायला गेला.

दुपारी लिआंग फ्रेमची पट्टी निवडायला आला. त्या तीन चित्रांकडे बराच वेळ बघत राहिला.

"किसने साफ किया?"

"मैंने. फ्री में."

लिआंगने शांतपणे सांगितलं, की ते धागे तिच्या कोटाचे होते. कोट तिच्याबरोबरच जाळला.

"वही बचा था," तो म्हणाला.

मैमुनाबीचे कपडे सुनेने धुऊन वाटून टाकले होते, आणि खैरुद्दीनने तिला बरं केलंस म्हटलं होतं.

त्याने कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि शेजारच्या लियाकत टेलरला हाक मारली. लियाकत भिंग घेऊन बसला.

"हा माझा टेरिकॉट. हाही माझाच. चाचा, तुमच्या कचऱ्यात माझं अर्धं दुकान आहे."

तासाभराने त्याने सात धागे बाजूला काढले. "हे सुती. खूप धुतलेलं कापड. हे माझे नव्हेत."

कुठला धागा कुठल्या चित्राचा, ते लिआंगलाही ठाऊक नव्हतं. तरी तो काडीच्या टोकाने डिंक लावून एकेक धागा बसवू लागला. बर्फावर ठेवलेला एक उचलून त्याने खिडकीवर नेला.

धागे उडू नयेत म्हणून खैरुद्दीनने एसी बंद केला. तिघेही घामाने निथळत होते. लिआंगचा सातवा धागा बसेपर्यंत बटणाकडे कोणी गेलं नाही.