दोन बोटांची फट

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. हसू नका हो नावाला! मी पितळेचा, लिंबाएवढा, खाली टोकदार. माझ्या दोरीत एक लाकडी ठोकळी ओवलेली आहे. गवंडी ती भिंतीच्या माथ्याला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. नाही शिवलो, तर समोर कितीही मोठा माणूस असो, मी तोंडावर सांगतो. गोडगोड बोलणं मला जमत नाही, माझा जन्मच तसा.

लेथवर मला कातलं तेव्हा अंगाची सालं निघाली. पण त्यामुळेच मी सगळीकडून सारखा झालो. एका तरुण गवंड्याने मला विकत घेतलं. रविवारी तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर असायचा आणि सोमवारी विटांपुढे. दर चार थरांनंतर तो मला सोडायचा आणि विचारायचा, "काय रे, बरोबर ना?" लोक म्हणत, "याच्या कामात बोट ठेवायला जागा नाही." ते ऐकून मीही फुगायचो.

पण कौतुक चढतं बरं का! वीस वर्षांनी तो म्हणू लागला, "आता माझी नजरच ओळंबा आहे." मी पिशवीत थापीखाली पडून राहिलो. फार वाईट वाटलं मला.

त्याच सुमारास चर्चने लहान मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी खोली बांधायला काढली. गवंड्याने हौसेने काम अंगावर घेतलं. चारी भिंती नजरेने उभ्या केल्या. फक्त गिलावा आणि छप्पर राहिलं होतं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी मुलांना त्याच खोलीत बसवलं. गवंडीही पिशवी घेऊन मागे उभा होता. धडा संदेष्ट्यांचा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांचा होता. "संदेष्टे पुढचं सांगायचे ना? मग परीक्षेत काय येणार तेही सांगतील?" एकाने विचारलं आणि हशा पिकला. पाळकसाहेब म्हणाले, "पुढचं सांगायचेच. पण त्याआधी आजचं दाखवायचे. एका संदेष्ट्याला दर्शनात प्रभू दिसला. भिंतीपाशी उभा, हातात ओळंबा. गवंडीदादा, दाखवा बरं मुलांना."

गवंड्याने ऐटीत मला काढलं, पुसलं आणि मागच्या भिंतीवरून सोडलं. मी डुललो, थांबलो. भिंतीच्या आणि माझ्या मध्ये चांगली दोन बोटांची फट! भिंत वरून आत, मुलांच्या अंगावर झुकलेली होती.

"काका, दोरी वाकडी आहे की भिंत?" पुढे बसलेल्या चिमुरडीने विचारलं.

गवंडी "दोरी वाकडी" म्हणाला असता तरी मुलांनी मान डोलावली असती. चर्चच्या समितीतले एक काका लगबगीने त्याच्या कानाशी लागले, "अहो, गिलावा मारला की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! एवढं नाव आहे तुमचं."

गवंड्याने भिंतीकडे पाहिलं, मग मुलांकडे. इतक्या वर्षांचं नाव एकीकडे आणि ही पोरं एकीकडे. मी काय करणार? मी आपला सरळ लोंबत राहिलो.

"भिंत, बाळा," तो अखेर म्हणाला. "माझी भिंत वाकडी आहे. मी ती पाडणार."

"बरं केलंत," पाळकसाहेब म्हणाले. "कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांनाही एका संदेष्ट्याने असंच खडसावलं होतं."

मुलं गेल्यावर गवंडी विटांच्या ढिगावर बसला. "पवित्र शास्त्रातलं ओळंब्याचं ते वचन मी कितीदा ऐकलं असेल," तो म्हणाला. "दर वेळी मला शेजारच्यांच्याच भिंती आठवायच्या. आज माझी दिसली. देव रागावला असेल का हो माझ्यावर?"

पाळकसाहेब शेजारी बसले. "तुम्हाला टाकूनच द्यायचं असतं तर देवाने मापलं कशाला असतं? टाकून दिलेल्या भिंतीला कोण ओळंबा लावतो? संदेष्ट्यांनी दोष दाखवला, तसंच वचनही दिलं, देव कोनशिला बसवणार म्हणून. ती कोनशिला म्हणजे आपला ख्रिस्त. पाया पक्का आहे, दादा. वरच्या विटा तेवढ्या नीट लावा."

सोमवारी त्याने स्वतःच घण उचलला. बायकोने विटा साफ करून दिल्या. येणारेजाणारे विचारत, "काय झालं हो?" तो प्रत्येकाला सांगे, "चुकलं होतं, दुरुस्त करतोय." आणि दर चार थरांनंतर मला सोडत होता.

मित्रांनो, मला पिशवीत ठेवू नका. शास्त्रालाही कपाटात ठेवू नका. संदेष्ट्यांचे शब्द उघडा, ते आधी स्वतःच्या घराला लावा, आणि फट दिसली तर घाबरू नका. फट दाखवणाऱ्या देवाला तुम्ही हवे आहात.

त्या खोलीवर आता छप्पर आहे. दर रविवारी मुलं तिथे त्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसतात. गवंडीही त्यांच्या शेजारी टेकून बसतो.