साठ चुलींचा इष्टांक

चुलीच्या तोंडात तीन अंडी होती... राखेच्या जागी पेंढा, पेंढ्यावर अंडी, आणि बाजूला उभी कोंबडी डोळा रोखून बघत होती. ग्रामसेविका सुंदरा वाकून पाहतच राहिली. ही निर्धूर चूल तिनेच बसवली होती, अंबूबाईच्या घरात, गेल्या पावसाळ्याआधी, साठांपैकी सतरावी. साठांचा इष्टांक, साठ पूर्ण. आज एसटी लवकर मिळाली म्हणून न सांगता आली, नाहीतर...

पलीकडे जुनी चूल धडधडत होती. घरभर धूर.

"धूर नाय लागला तं माळ्यावरच्या बियान्याला कीड लागते गं," अंबूबाई ओशाळून म्हणाली. "पन तुजी चूल मोडली नाय हां. गावात कुनीच नाय मोडली. तू येनार म्हनून कळलं का सारवतो, काजळी लावतो, जाळ घालतो."

"कशासाठी?"

"आकडा भरला नाय तं तुला काढतील ना! घरात म्हातारी हाय तुजी."

दुपारी खालापूरच्या कचेरीत साहेब पुढच्या वर्षाचं सांगत होते – उद्दिष्ट स्पष्ट हवं, मोजता येईल असं हवं... आकडा जमला तर सुंदराची नोकरी कायम. चार वर्षं ती कायम झाल्याच्या कागदाची वाट बघत होती. आणि तिने मोजलं होतंच की – प्रत्येक चूल, प्रत्येक धुरांडं, वहीत खूण करून. तिच्यावर भाकरी भाजता का, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही... सुचलं नाही, की विचारायचंच नव्हतं? या बायकांना चार गोष्टी शिकवायच्या म्हणून ती पायपीट करत राहिली, आणि डोळे चोळत, खोकत त्याच तिची नोकरी राखत होत्या, तिला एका शब्दाने कळू न देता. रडू यायला हवं होतं. पण फार दमल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

"बोला बाई, पुढच्या वर्षी किती? एकूण ऐंशी लिहू?"

खरं सांगितलं तर साठही जातात, नोकरीही. हो म्हटलं तर आणखी वीस घरं... साहेबांनी टाक दौतीत बुडवला. कुणाकडे जागा आहे, कोण नाही म्हणणार नाही – सोनुबाई, बुधी, पलीकडची चिंधी... ती मनात घरं मोजू लागली, आणि सातव्या घराशी तिच्या ध्यानात आलं की आपण होकार केव्हाच दिला आहे.