ढब्बूंची आंघोळ

"लिंबं संपली म्हणजे काय? परवाच पिशवीभर आणली होती मी. या घरात लिंबांना पाय फुटतात का?"

वन्सं हे टोपलीला विचारत होत्या. पण ओट्याजवळ जागा इतकी अरुंद की त्यांचा प्रत्येक शब्द तिच्या कानशिलावर आपटत होता. ती नळाखाली हात धरून उभी राहिली. बोटांचा तांब्याचा वास काही केल्या जात नव्हता.

"सरबत केलं," ती म्हणाली.

"सगळ्यांचं? घसा आहे की मोरी?"

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. पायांनी थकल्या होत्या, पण नाक शाबूत होतं. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग पुढच्या खोलीतल्या कपाटाकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"मी काही विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू काही सांगितलेलं नाहीस."

कपाट नवऱ्याचं होतं. पंपांच्या कारखान्यात लेथवर उभा जन्म काढलेला माणूस, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना टर्नर म्हणत, आणि वैतागली की तीही. टर्नरना एकच नाद होता: जगभरातली जुनी, मोठी, तांब्याची आणि ब्राँझची नाणी. घरात त्यांना ढब्बू म्हणत. सोनं परवडणारं नव्हतं आणि चांदी त्यांना आवडत नसे. "चांदी लोक पुरून ठेवतात. तांबं हातोहात फिरतं," ते म्हणत. कपाटाला त्यांनी चपटे खण केले होते, खणात मऊ कापड लावलं होतं आणि प्रत्येक नाण्याच्या मापाचं गोल घर कोरलं होतं. सगळ्यात वरच्या खणात लाडकी मंडळी. त्यातही लाडका म्हणजे रशियाचा पाच कोपेकांचा ढब्बू, तळहात भरेल एवढा, दुतोंडी गरुडाचा. रंग जुन्या लाकडासारखा, खोबणींत हिरवट झाक.

लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिला या घरातला पहिला नियम कळला होता. स्वयंपाकाचा नाही, पाहुण्यांचाही नाही. "ढब्बूला आंघोळ नाही." तो तपकिरी रंग चढायला शंभर वर्षं लागतात आणि उतरायला एक लिंबू पुरतं, हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की मुलगी लहानपणी आंघोळ टाळायला तेच म्हणायची. "आई, मी ढब्बू आहे!"

नियम असा पाठ, आणि तरी.

गेल्या काही महिन्यांपासून टर्नर म्हणत होते की पुढच्या खोलीत उजेड कमी पडतो. तिनं बल्ब बदलला. मग आणखी मोठा लावला. मग टेबलावर वाकवता येणारा दिवा आणला. खोली ऑपरेशन थिएटरसारखी झाली, पण टर्नर नाणं हातात धरून कावळ्यासारखी मान तिरकी करत आणि कडेच्या नजरेनं गरुड शोधत. "बल्बच तसले येतात हल्ली," वन्सं म्हणत. "हो, माल खराब," ती म्हणे. मुलगी फोनवर म्हणे, "बाबांचा आवाज किती फ्रेश येतोय!" डोळ्यांचे डॉक्टर आतल्या पडद्याबद्दल काय म्हणाले होते ते तिघींनीही ऐकलं होतं. त्यानंतर तिघींनीही दुसराच विषय काढला होता.

मग टर्नर मुलीकडे गेले, डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला. पुढची खोली रिकामी झाली आणि तिच्या डोक्यात तो विचार आला. नाणंच काळपट आहे, त्याला ते बिचारे तरी काय करणार? जरा उजळलं तर.

एकच, असं ठरलं होतं. अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ. गरुड भाजून सोललेल्या कातडीसारखा गुलाबी झाला. तिनं तो घाईनं पुसून त्याच्या घरात ठेवला. पण एक चमकलं तसं शेजारचं मळकं दिसायला लागलं, ते चमकवलं तसं त्याच्या पलीकडचं. चोरी लपवायला आणखी चोरी करावी तसं करत करत संध्याकाळपर्यंत आख्खा खण नाहून बसला होता, नव्या नळाच्या तोटीसारखा झळझळत.

मग सुरू झालं उलटं काम. चहाच्या पाण्यात बुडवलं. तेल चोळलं. मुलीला फोन केला. ती आधी बाबांपासून लांब, गॅलरीत गेली. मग म्हणाली, उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात कोंडलं तर तांबं काळं पडतं म्हणे. पडलं. पण ठिकठिकाणी, वांग आल्यासारखं. वर अंड्याचा वास तो वेगळाच.

टर्नर परत आले. बूट काढले, चहा घेतला आणि सवयीनं वरचा खण ओढून मांडीवर घेतला. ती कपडे घड्या घालत बसली. एकच टॉवेल पुन्हा पुन्हा उलगडत होती.

त्यांनी गरुड उचलला. अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. नाकाशी नेला.

"आज अंडी केली होती का?"

"काल," वन्सं आतून ओरडल्या. कुणी विचारायच्या आधीच पुढे म्हणाल्या, "मी खाल्ली!"

वन्संनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. टर्नर नुसतं "बरं" म्हणाले आणि नाणं त्याच्या घरात ठेवून दिलं.

रविवारी पोस्टमास्तर आले. त्यांनाही हाच नाद, त्यामुळे दोघांची मैत्री जुनी आणि भांडणंही जुनी. बनावट नाणं दाखवलं तर ते यजमानाच्या तोंडावर "पितळेचं बटण" म्हणून मोकळे होत. ती चहा घेऊन दारातच थबकली.

"बघ रे," टर्नर म्हणाले आणि गरुड पुढे केला. "कसा आहे?"

पोस्टमास्तरांनी भिंग लावलं. लगेच काढलं. तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर कपांकडे वळवली. मग त्यांनी त्या नव्या, भगभगीत दिव्याकडे पाहिलं आणि टर्नरच्या तिरक्या मानेकडे.

"होता तसाच आहे," ते म्हणाले. "झकास."

चहा न संपवताच ते उठले. जाताना चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

ती दाराला टेकून उभी राहिली. नाणी खराब झाली ते झालंच. पण ज्या माणसानं नाण्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सूट दिली नव्हती, त्याला तिच्यामुळे खोटं बोलावं लागलं.

"अहो," ती म्हणाली. "ती नाणी मी धुतली. वरचा सगळा खण. लिंबानं."

आतून वन्संचा भांड्यांचा आवाज थांबला.

"माहीत आहे," टर्नर म्हणाले.

"पोस्टमास्तर बोलले?"

"तो काय बोलतोय! आयुष्यभर धातू चाचपला मी. जुनं तांबं अंगठ्याखाली घसरतं. हे करकरतंय. आल्या दिवशीच कळलं."

"मग ओरडला का नाहीत?" ती दारातून पुढे आली. "ओरडायचं ना! इतके दिवस मी इथं मरतेय."

टर्नरनी गरुड दोन्ही तळव्यांमध्ये धरला, जणू त्याला थंडी वाजत होती.

"ओरडलो असतो तर तू म्हणाली असतीस, तुम्हाला दिसावा म्हणून केलं. मग मला विचारलं असतंस, दिसतोय का?"

वन्सं दाराच्या चौकटीपर्यंत आल्या होत्या, ओला हात पदरात गुंडाळून. टर्नरनी चाचपडत हात लांब केला, टेबलावरच्या दिव्याचं बटण शोधलं आणि दिवा बंद केला.

"मला दिसत नाही गं आता," ते म्हणाले.