घुम्याला सर्दी झाली त्याची गोष्ट

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी मावशी जगाला सांगत असते. त्याचा फायदाही सगळ्यात आधी तीच उठवते.

मी निसर्ग पुनरुज्जीवनाच्या ऑफिसात नकाशे रंगवते. जिल्ह्यातली कुठली जमीन पुन्हा रानपाखरांना सोडायची, तिथे हिरवा रंग. कुठली भरून वापरात आणायची, तिथे खाकी. मावशीच्या घरामागच्या दलदलीला खाकी लागायची वेळ आली होती. दूध डेअरीला तिथे ट्रक उभे करायचे होते.

मावशी म्हणजे शाळेतली निवृत्त कवायत-बाई. तीस वर्षं रोज सकाळी गमबूट चढवून ती त्या दलदलीत फिरायची आणि मधोमध उलट्या बादलीवर बसून चहा प्यायची. ती जागा गेली तर ही बाई चार दिवसांत वाळून जाईल, हे मला दिसत होतं. म्हणून तिच्यापाशी बोलले.

"अगं, लव्हाळ्यात घुम्या पक्षी सापडला तर दलदल वाचते. तीनदा जाऊन ऐकायचं, दर वेळी दहा मिनिटं. दोनदा काहीच नाही. आता शेवटची खेप राहिली."

"दिसायला नको का तो?"

"छे! तो कुणाला दिसलाय? फॉर्मवर दोन रकाने आहेत, 'दिसला' आणि 'ऐकला'. एक भरला तरी चालतं."

"आवाज कसा असतो गं त्याचा?"

"रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा," मी म्हणाले. झालं! घरचा भेदी तो मीच.

शेवटच्या खेपेला साहेब घड्याळ लावून काठावर उभे राहिले. आमचे साहेब म्हणजे चालतं-बोलतं नियमांचं पुस्तक. सात मिनिटं शांतता. मी मनातून रडवेली झाले होते. आठव्या मिनिटाला लव्हाळ्यातून आवाज आला.

घूंऽऽ. घूंऽऽ.

साहेबांनी पेन उघडलं. आणि तेवढ्यात आतून एक सणसणीत शिंक आली.

ती शिंक मी लहानपणापासून ओळखते. 

"हे काय होतं?" साहेब म्हणाले.

"बदक असेल, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, लव्हाळ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला. मग 'ऐकला' खाली 'एक' लिहून त्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून फॉर्म माझ्यापुढे धरला. मीही सही ठोकली.

नकाशावर हिरवा रंग मीच भरला. मावशीने लव्हाळ्यात लपून फुंकलेली सरबताची बाटली धुऊन खिडकीत मांडून ठेवली, जणू स्पर्धेत जिंकलेली ढाल! आठवड्याभरात दलदलीभोवती कुंपण आलं आणि पाटी लागली : विणीचा हंगाम, चार महिने आत जाण्यास सक्त मनाई.

"मलासुद्धा?" मावशी कडाडली.

"तुलाच आधी," मी म्हणाले. "घुम्या बुजरा असतो. माणसाचं पाऊल वाजलं की पळतो."

"पण घुम्या तर मीच ना, मेले!"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्यात वरच्या ऑफिसातून पत्र आलं : तीन महिन्यांनी पडताळणी, तेव्हा पक्षी नसेल तर हिरवा रंग रद्द. माझी झोपच उडाली. मावशी म्हणाली, "कुंपणाखालून सरपटत जाते." मी हात जोडले. "मावशी, एकदा केलं ते पुरे. आता खोटं नको."

पुढे अडीच महिने ती रोज कुंपणाबाहेर बादली टाकून बसायची आणि सगळ्या ऑफिसला शिव्या द्यायची. एका सकाळी मी ऑफिसात असताना मोबाइलवर तिचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"तू आत शिरलीयेस का गं?"

"कुठे आत? मी ऑफिसात टेबलाशी आहे."

"मग आत कोण आहे? मी रागारागाने बाटली फुंकली, तर आतून उत्तर आलं."

"मावशी, चेष्टा नको हं."

"थांब." तिने फोन कुंपणापाशी धरला असावा. वारा ऐकू आला. मग खोल, जाडसर, मावशीच्या बाटलीला कधीच न जमलेला आवाज आला. घूंऽऽ.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "अगं, म्हणजे तीस वर्षं मीच त्याला येऊ देत नव्हते!"

साहेब समोरच फायली चाळत होते. मी उठून फोन त्यांच्या कानाला लावला. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी कोरा फॉर्म ओढला आणि 'ऐकला' खाली 'एक' लिहिलं.

"साहेब, तो तर आधीच लिहिलाय ना?" मी चाचरत म्हणाले.

"हा दुसरा," साहेब म्हणाले. "त्या पहिल्याला सर्दी होती."