मंगळवारचं बंद दार

"गणपती काय दर मंगळवारी इकला जातो काय गो?"

तीन वर्षांपूर्वी गिरजाबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांचा बारीक ब्रश मूर्तीच्या डोळ्याच्या कडेवर होता, आणि बोलताना तो त्यांनी उचललासुद्धा नव्हता. डोळ्यांची आखणी करावी तर गिरजाबाईंनीच, असं पेणच्या त्या गल्लीतले दुसरे कारखानदारही म्हणत. समोर त्यांची सून सुरभी एका कर्जाचा फॉर्म घेऊन उभी होती. पाच बायकांचा गट, चाळीस हजार रुपये, दर मंगळवारी हप्ता, व्याज बारा टक्के, तारण काही नाही.

सुरभीने बी.कॉम. केलेलं. तिने हसत हसत सासूला समजावलं की बारा टक्के म्हणजे शेकड्याला महिन्याला रुपया, गावात उसने मागायला गेलं तर तीन-चार रुपये पडतात.

"असंल," गिरजाबाई म्हणाल्या. "पण आपला माल जातो भादव्यात. हप्ता सुरू होनार पुढच्या आठवड्यात. मधे काय खानार नि काय भरनार?"

सुरभीने ते बोलणं कानामागे टाकलं आणि सही केली.

शाडू आला, रंग आले, शेडचं भाडं गेलं. होळीपर्यंत हप्ते कर्जाच्याच पैशांतून भरले गेले आणि होळीनंतर पैसे संपले. मूर्ती ओळीने उभ्या होत्या, पण त्या विकायला पाच महिने बाकी. मग एका मंगळवारी सुरभीने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवरून पाच हजार मागितले. खात्यात आले तीन हजार दोनशे. बाकीचे फी म्हणून आधीच कापलेले, आणि सात दिवसांनी मागणी मात्र पूर्ण पाच हजारांची. आठव्या दिवशी तिच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर तिचा फोटो गेला, खाली 'फरार' असं लिहून. गॅसवाल्याला गेला, अंगणवाडीच्या बाईंना गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी ती दार लावून आत बसली. मांडीवर आठ महिन्यांची लेक, ती रडू नये म्हणून सुरभीने तिच्या तोंडावर हात धरला होता. बाहेर पायरीवर गटातल्या चौघी बसल्या होत्या, कारण हिचा हप्ता आला नाही तर तो त्यांच्या डोक्यावर. तेवढ्यात मागच्या दाराने गिरजाबाई आत आल्या. काही विचारलं नाही. तिच्या मांडीवरची पोर उचलली आणि पुढचं दार उघडून बायकांना चहा विचारला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातल्या पाटल्या बँकेत गहाण गेल्या, दोन्ही कर्जं मिटली, आणि अनंत चतुर्दशीनंतर पाटल्या परत आल्या.

या तीन वर्षांत गिरजाबाईंनी तो विषय एकदाही काढलेला नाही. कधीतरी काढतील, या धास्तीत सुरभी अजून आहे.

यंदा माघात, एका सोमवारी संध्याकाळी, नणंदेचा फोन आला. पूजा रोह्यात दिलेली. तिचा नवरा सुजय धाटावच्या कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट असेल तर पगार. पूजाने ठरवलं होतं की पेणहून दीडशे कच्च्या मूर्ती न्यायच्या, घरीच रंगवायच्या आणि रोह्यात स्टॉल लावायचा. हात आईचाच होता तिला. पन्नास हजार लागणार होते, आणि उद्या अकरा वाजता तिच्याच खोलीत गटाची मिटिंग होती, सही करायला.

"बाराच टक्के आहे वहिनी," पूजा म्हणाली. "तुम्ही घेतलं होतंत ना, तेच."

तेव्हा काय झालं ते पूजाला कुणी सांगितलंच नव्हतं. घरची गोष्ट घरात राहिली होती.

नितेश, सुरभीचा नवरा, म्हणाला की ती मोठी आहे, तिचं ती बघेल, आपण मध्ये पडलो तर उद्या आपल्यालाच बोल लावेल. गिरजाबाई रंगाची वाटी धूत होत्या.

"तू जा," त्या सुनेला म्हणाल्या. "मला हिशोब सांगता येत नाय गो. मला नुस्ता कळतो."

सकाळच्या एसटीने सुरभी निघाली. साडेतीन वर्षांच्या लेकीच्या फ्रॉकचं टोक तिने नागोठणं येईस्तोवर मुठीत धरून ठेवलं होतं. गॅस बंद केला का, हे विचारायला नितेशला दोनदा फोन केला. असल्या गोष्टींत ती घाबरटच. पण आजच्या सहीचा हिशेब रात्रीच तिच्या डोक्यात मांडून झाला होता, आणि तिथे तिला भीती वाटत नव्हती. तो रस्ता ती चालून आली होती.

पूजाच्या खोलीत चटई टाकलेली. पाचपैकी चौघी हजर. मोटारसायकल लावून साहिल आला, कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला. तिशीही न गाठलेला, घामेजलेला, पाठीवर सॅक. बायका त्याला सर म्हणत होत्या. हजेरी घेतल्यावर तो म्हणाला की सरूताई सलग दुसऱ्या मंगळवारी नाहीत, त्यांच्या जुन्या कर्जाचा हप्ता चौघींनी वाटून भरला तर नव्या कर्जाची फाईल आजच पुढे जाईल.

"भरू की," सीताबाई म्हणाल्या. गटात वयाने त्याच मोठ्या. "पन मग दुपारी जाऊन तिच्या दारात बसतो. नवा कुकर घेतलान तेव्हा आमाला हाक मारलीन नाय, आता हप्ता तेवढा आमी भरायचा."

बाकीच्या हसल्या. सुरभी नाही हसली. दारात बसणं कसं ऐकू येतं, आतून, ते तिला माहीत होतं.

तिने साहिलकडे कर्जाच्या माहितीचा कागद मागितला. ज्यावर सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो, तो. साहिल म्हणाला, दर बाराच आहे मॅडम, फ्लॅट. सुरभी म्हणाली, तो ऐकला, पण सहीच्या आधी कागद दाखवायचा असतो ना. मग तो सॅकमध्ये हात घालून शोधू लागला, आणि तेवढ्यात सुरभीने लेकीची चित्रकलेची वही घेतली, मागच्या पानावर हिरव्या खडूने आकडे मांडले.

"पूजा, पन्नास हजारांवर बारा टक्के म्हणजे सहा हजार. छप्पन्न हजार, पन्नास हप्त्यांत. आठवड्याला अकराशे वीस. बरोबर?"

"बरोबर."

"पण फी आणि विमा म्हणून दीड हजार आधीच कापणार. हातात साडेअठ्ठेचाळीस. आणि तू दर आठवड्याला मुद्दल परत करतेस. अर्ध्या वर्षाने त्यांचे निम्मेच पैसे तुझ्याकडे असतील, व्याज मात्र पूर्ण पन्नास हजारांवरच चाललेलं. सगळं वर्ष धरलं तर सरासरी पंचवीस हजार तू वापरतेस. त्यासाठी साडेसात हजार देतेस. तीस टक्के झाले."

साहिलला कागद सापडला होता. त्याने तो पुढे केला आणि नजर चटईकडे वळवली. खालच्या चौकटीत ३०.१ लिहिलेलं होतं.

सीताबाईंनी सरांना विचारलं की हे तुम्हाला ठाऊक होतं काय. साहिल म्हणाला, कागद सगळ्यांना देतो मावशी, पण कुणी वाचत नाही, आणि मलाही महिन्याला पंचवीस फाईलींचं टार्गेट आहे. लपवाछपवीचा माणूस नव्हता तो. घाईतला होता.

"तीस तर तीस," पूजा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तीस टक्के सुटतील मला मूर्तीत. या आठवड्यात बयाणा दिला नाही तर कच्चा माल दुसरा उचलेल. मग काय करू, हात बांधून बसू?"

"टक्के सोड," सुरभी म्हणाली. "तीस परवडतीलही. आता आठवडे मोज. आजपासून पहिली मूर्ती विकेपर्यंत तीस मंगळवार आहेत. तीस गुणिले अकराशे वीस."

पूजाने खडू घेतला. तेहेतीस हजार सहाशे. ते साडेअठ्ठेचाळीसातून वजा केले. चौदा हजार नऊशे उरले. तिने पुन्हा वजाबाकी केली. तेवढेच उरले.

"एवढ्यात दीडशे मूर्ती येतील?"

पूजाने खडू खाली ठेवला. सुजयच्या पगारातून हप्ता भरायचा, असं ती मनाशी धरून चालली होती, पण गेल्या दिवाळीपासून दोन महिने शिफ्टच लागली नव्हती.

"कर्ज वाईट नाही गं," सुरभी म्हणाली. "ज्याचं दर आठवड्याला गल्ल्यात येतं, त्या भाजीवालीला हे चालून जाईल. आपल्याला वर्षातनं एकदा येतं. आपल्याला एकदाच फेडायचं कर्ज पाहिजे."

मग तिने सोन्यावरचं कर्ज सांगितलं. पूजाच्या पाटल्यांवर बँकेतून पस्तीस हजार, दहा टक्क्यांच्या आसपास, मुद्दल गणपतीनंतर एकरकमी, आठ महिन्यांचं व्याज साधारण तेवीसशे. मूर्ती दीडशे नाही, शंभर आणायच्या. यातही धोका होता, आणि तोही तिने मोठ्याने सांगितला. मुदत चुकली आणि नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर सोनं लिलावात जातं. म्हणून बँकेतून मुदत मागून घ्यायची ती विसर्जनानंतर महिनाभराची, आणि स्टॉलवरचा पहिला पैसा पाटल्यांचा.

"आईने दिलेल्या आहेत त्या," पूजा म्हणाली. मनगटावरून तिचा हात हलत नव्हता.

"आईंच्याही एकदा जाऊन आल्यात. माझ्यापायी."

पूजाने वर बघितलं. सुरभीने तेव्हाच, त्या चौघींसमोर आणि साहिलसमोर, सगळं सांगून टाकलं. ॲप, फोटो, पायरीवरच्या बायका. लेकीच्या तोंडावर धरलेला हात सांगताना मात्र तिने लेकीला बाहेर कोंबड्या बघायला पाठवलं.

पूजाने सही केली नाही. दुसरी एकजण म्हणाली, मीही घरी विचारून सांगते. सीताबाईंचं मासळीचं दुकान होतं, रोजचा गल्ला. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला, पन्नासऐवजी वीसच हजार मागितले, आणि तिसाचं काही कमी होतंय का, म्हणून साहिलशी घासाघीस करून बघितली. झालं काही नाही, पण बरं वाटलं.

मग त्या उठल्या, सरूच्या दाराकडे जायला.

"घरात आहे का ती?" सुरभीने विचारलं.

"कुलूप असतं पुढं. पन मागनं धूर येतो."

"मग बसू नका दारात. मला मागच्या बाजूने न्या."

सरूची खोली गल्लीच्या टोकाला, मागे नाला आणि केळी. पूजा आणि सुरभी दोघीच पुढे गेल्या, कडेवर लेक. सुरभीने मागचं दार वाजवलं. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

"सरूताई, मी पेणची, पूजाची वहिनी. हप्त्यासाठी नाही आले. पोर तहानलीये, पाणी मिळेल का?"

शेवटी कडी निघाली. लहान पोराला पाणी नाही म्हणायचं सरूच्या जिवावर आलं असावं. तिने तांब्या पुढे केला. आत तांदळाच्या डब्यातून घूं घूं आवाज येत होता. फोन पुरून ठेवला होता तिने तांदळात, आवाज दबावा म्हणून. तीन ॲपचं घेतलं होतं, एकाचं फेडायला दुसऱ्याचं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढचं कुलूप ती शाळेत जाणाऱ्या मुलाकडून बाहेरून लावून घेत असे. तेरा दिवस झाले होते. गेले दोन दिवस, ती म्हणाली, तिला झोपावंसं वाटत नव्हतं आणि उठावंसंही.

सुरभीने तांदळाचा डबा उघडला, फोन पुसला आणि सरूच्या शेजारी भुईवर बसून एकेक धमकीचा फोटो काढून घेतला, पोलिसांत द्यायला. नवं कर्ज काढून जुनं फेडायचं नाही, एवढं तिच्याकडून वदवून घेतलं. गटाच्या हप्त्याला मुदत मागायचा अर्ज पूजाने तिथेच लिहिला. गल्लीत मोटारसायकलपाशी थांबलेल्या साहिलने तो घेतला, पुढे पाठवतो म्हणाला. किती पुढे जाईल ते त्यालाही सांगता येईना. नवऱ्याला संध्याकाळी सांगायचं ठरलं, पूजा सोबत बसणार होती.

तोवर सीताबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. आत आल्या, ओट्यावर नजर फिरवली.

"हाच काय गो तो कुकर?" त्यांनी विचारलं, आणि त्याच्याशेजारचं पातेलं उचलून चहा ठेवला.

सरू रडता रडता हसली.

पूजाच्या पाटल्या त्याच गुरुवारी बँकेत गेल्या. परत आणायची तारीख तिने भिंतीवर हिरव्या खडूने लिहिली आहे, आणि पहिल्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला गिरजाबाई रोह्याला जाऊन आल्या. तारखेकडे बघून त्या नुसत्या हं म्हणाल्या.

सुरभीला कर्जाबद्दल विचारायला आता बायका येतात. हप्त्याचं गणित ती प्रत्येकीला सांगते, आणि उठताना एक काम सांगते. ते हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिने सांगितलं आहे असं समजा. तुमच्या गटातली, आळीतली, कामावरची जी बाई दोन-तीन आठवडे दिसली नाही, फोन उचलत नाही, तिच्याकडे आज जाऊन या. पुढच्या दारात बसू नका. मागच्या दाराने जा आणि पाणी मागा.