यशवंतमामाचा टोला

चार महिने उद्धव एका माणसाला शोधत होता आणि तो माणूस काही सापडायला तयार नव्हता. मरून ऐंशी वर्षं झाली, तरी मामाचा हा आडमुठेपणा!

तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळून निवृत्त झाल्यावर सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये त्याला नुसतं बसवेना. म्हणून तो एक जुनं रेल्वे स्टेशन जपणाऱ्या मंडळात जाऊ लागला. गाड्या कधीच बंद झाल्या होत्या, रुळांच्या जागी आता लोक सकाळचे चालायला येत. स्टेशन मात्र मंडळाने पितळी घंटेसकट राखलं होतं. दरवर्षी एका रविवारी त्या फलाटावर, दुसऱ्या महायुद्धात मलायात पडलेल्या विमानांतल्या माणसांची नावं वाचली जात. नाव वाचलं की त्याच्या घरच्या कुणीतरी पुढे येऊन घंटेचा एक टोला द्यायचा. घरचं कुणी नसेल तर टोला नाही, सरळ पुढचं नाव. भारतीय नावं वाचायचं काम उद्धवकडे होतं, आणि आपले उच्चार शुद्ध आहेत म्हणून तो स्वतःवर बेहद्द खूश असे.

त्याची आई मधुमती नव्वद वर्षांची. तिचा मोठा भाऊ यशवंत विमानात वायरलेसवर होता. विमान मलायात कोसळलं आणि देह मिळाला नाही. आता आईचा व्हिजिट पास संपत आला होता, सोमवारी तिचं पुण्याचं विमान होतं, आणि पुन्हा येणं होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. जायच्या आधी भावाच्या नावाने एक टोला, एवढंच तिने मागितलं होतं.

पण यादीत यशवंत महादेव गोळे नव्हताच. उद्धवने क्रांजीच्या युद्धस्मारकावरचे नावांचे खांब मान मोडेपर्यंत वाचले, दिल्लीला आणि लंडनला मेल धाडले. सगळीकडून सभ्य भाषेत एकच उत्तर आलं, असा कुणी नाही. आईला सांगितलं की ती म्हणे, "नीट बघ. असेलच." जसा काही तो चष्मा शोधत होता.

शनिवारी दुपारी आई मेथी निवडत बसली होती आणि उद्धव दुसऱ्या दिवशीची यादी मोठ्याने वाचून पाहत होता. सार्जंट श्रीनिवास केशव देसाई, असं त्याने वाचलं आणि आईचा हात थांबला.

"हा," ती म्हणाली.

"हा कोण?"

"यशवंत. आठ वर्षांचा असताना दत्तक दिला त्याला. देसाई आमच्या भावकीतलेच, वतन होतं, मूल नव्हतं. नाव बदललं, बापाचं नाव बदललं."

उद्धवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि हे तू मला आज सांगतेस? चार महिने मी काय झक मारत होतो?"

"तू मामाचं नाव विचारलंस, मी मामाचं सांगितलं. देसायांचा श्रीनिवास तुझा मामा कसा? दिलेल्या मुलावर हक्क सांगायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. भाऊबीजेला यायचा तो. पोटच्या आईला काकू म्हणायचा. ती 'या हो श्रीनिवास' म्हणायची, आणि तो गेला की दोन दिवस जेवायची नाही."

आता आईवर ओरडायचं तरी कसं? उद्धवने यादीकडे पाहिलं. देसायांच्या नावापुढे शेरा होता, 'नातेवाईक कुणी नाहीत.' अक्षर त्याचंच होतं. तीन वर्षांपूर्वी यादी त्यानेच केली होती, आणि तीन वर्षं हे नाव फलाटावर शुद्ध उच्चारात वाचून, क्षणभरही न थांबता तो पुढच्या नावाकडे गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्याला स्वतःचीच चीड आली.

रविवारी तो आईला व्हीलचेअरवरून तासभर आधीच घेऊन गेला. मंडळाचे सचिव मिस्टर क्वेक यांनी फॉर्म पुढे केला. माणूस सज्जन, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचा नाही.

"सख्खी बहीण? आडनाव वेगळं. काही डॉक्युमेंट?"

"दत्तकपत्र गावाकडून मागवता येईल."

क्वेक विचारात पडले. "पण अंकल, त्या पेपरप्रमाणे तर तो हिचा ब्रदर राहिलाच नाही, लाह. नेक्स्ट इयर बघू, कॅन?"

"नव्वदीची आहे ती! नेक्स्ट इयर इथे येणार आहे का?" उद्धवचा आवाज एवढा चढला की खुर्च्या मांडणारे वळून पाहू लागले. ज्या कागदाने यशवंत सापडला असता, तोच कागद त्याला आईपासून तोडत होता. डोकं आपटावं तर कुठे?

"लांबचं नातं असेल तर नुसती सही चालते," क्वेक अवघडून म्हणाले. "प्रूफ फक्त क्लोज फॅमिलीला लागतं."

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं. उद्धवने दात-ओठ खात सांगितलं.

आईने घंटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिही. चुलत बहीण."

"आई, तो तुझा सख्खा भाऊ आहे!"

"माझ्या आईला काकू म्हणायचा ना तो? मग काकूची मुलगी त्याची कोण? लिही."

उद्धवचा हात चालेना. शेवटी तिनेच पेन घेतलं, आणि त्याने दाखवलेल्या चौकटीत मराठीतच लिहून खाली सही केली.

दहा वाजता वाचन सुरू झालं. सार्जंट श्रीनिवास केशव देसाई, असं वाचून उद्धव थांबला. आजवर तिथे तो कधीच थांबला नव्हता. आई त्याच्या रिकाम्या हाताला धरून उठली, घंटेपाशी गेली आणि एकच टोला दिला.

"या हो श्रीनिवास," ती म्हणाली, अगदी परक्या माणसाला म्हणावं तसं.

पुढचं नाव उद्धवला वाचता आलं नाही. ते क्वेकनी वाचलं, आणि उच्चार चुकीचा केला.